डॉक्टरांची ओटी

आणीबाणीत जबरदस्तीने नसबंदी केलेल्या लोकांची माफी मागायची, असं नाशिकच्या डॉक्टरांच्या एका संघटनेने पन्नास वर्षं नीट विचार करून ठरवलं. माफी मागायला समोर माणूस हवा. पेठकडच्या पाड्यावरचा मंगळू सापडला, पण तो आधीच वारलेला निघाला. म्हणून त्याच्या बायकोला बोलावलं. इंदिरानगरच्या हॉलवर बायका दोन आल्या.

मंगळूला बाजारातून उचलून कॅम्पात नेलं, तेव्हा नवसाबाईशी त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तापाचं ऑपरेशन केलं, असं त्याला सांगितलं. मूल होईना, तशी नवसाबाई वांझ ठरली. मग त्याने भागीबाई आणली. तीही वांझ निघाली. कोणी कोणावर करणी केली यावरून पाड्यात दोन पक्ष पडले. मंगळूवर मात्र कोणाचा संशय गेला नाही. त्याची सगळ्यांना कीव यायची.

आमंत्रण द्यायला आलेल्या डॉक्टर पल्लवीने खरं काय ते सांगितलं, तेव्हा नवसाबाई बराच वेळ चूल फुंकत राहिली. चूल पेटलेलीच होती. मग म्हणाली, "येते मी. पण खोट आमच्यात नव्हती, एवढं माइकवर सांगा. पाडा मोबाइलवर बघंल." पल्लवीने शब्द दिला.

कार्यक्रमाचे अध्यक्ष डॉक्टर रंगनाथ. कॅम्पातली ऑपरेशनं त्यांनीच केली होती, पण ज्येष्ठही तेच, आणि ज्येष्ठांना डावलून माफी मागणं बरं दिसत नाही. आधी त्यांचा सत्कार झाला. 'माफी'ने कोर्टकचेरी होईल म्हणून ठरावात 'दिलगिरी' आली. 'जबरदस्ती'चा 'अतिउत्साह' झाला. निवेदकाने मंगळूला 'लाभार्थी' म्हटलं. खोट या दोघींत नव्हती, हे वाक्य पल्लवीच्या भाषणात होतं. ते भाषण वेळेअभावी वाचले असे समजण्यात आले.

मग सभासदांच्या सौभाग्यवती ताटं घेऊन पुढे आल्या. आम्ही विधवांचीही ओटी भरतो, असं निवेदक म्हणाला, आणि हॉलने स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. पाड्यावर कोणाची ओटी भरायची झाली की या दोघींना बाहेर थांबवत. आज पदरात तांदूळ, खण, नारळ. पोटी मूल यावं म्हणून भरतात ती ओटी, सत्तरीच्या बायांची, नसबंदीच्या कार्यक्रमात.

नवसाबाईने पल्लवीकडे पाहिलं. पल्लवी ताटातली हळद सारखी करत होती.

नवसाबाई पदर सावरत अध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेली. रंगनाथांनी नमस्कारासाठी पाय थोडे पुढे केले. तिने अख्खा पदर त्यांच्या मांडीत रिता केला आणि समोरचा माइक तोंडाशी ओढला.

"खोट आमच्यात नव्हती," ती म्हणाली. "आता ही ओटी तुम्ही धरा, डॉक्टर. तुम्हाला काय होतंय का बघा."

मागोमाग भागीबाईनेही आपला नारळ तिथेच ठेवला.

फोटोग्राफर धावत आला. "मावशी, परत एकदा करा ना. माइक बंद आहे, पण फोटोत ते कळत नाही."