घारूची नजर
वाहिनीतले सगळे त्याला घारू म्हणत, कारण हलती वस्तू त्याच्या कॅमेऱ्यातून सुटत नसे. वीस वर्षं त्याने एकच धर्म पाळला होता: थेट प्रक्षेपणात पडदा काळा पडता कामा नये. आग लागो, पूर येवो, लोकांना बघायला काहीतरी हवं. असल्या धर्माच्या नानाची टांग!

त्या दुपारी वाहिनीच्या समोरच्याच विमा कचेरीत चार बंदूकधारी घुसले. पहारेकऱ्याचं डोकं त्यांनी पायरीवरच उडवलं; त्याचं रक्त ओघळत फुटपाथवर आलं होतं. घारू रस्त्यावरून थेट प्रक्षेपण करत होता, आणि त्याची धाकटी बहीण तिथेच चौथ्या मजल्यावर कामाला होती.

तिचा फोन आला. "दादा, आम्ही सात जण फायलींच्या खोलीत लपलोय. खाली त्यांनी टीव्ही लावलाय, तुमचंच चॅनल. आमची खिडकी दाखवू नकोस रे."

"जीव गेला तरी नाही दाखवणार."

थोड्याच वेळात कानातल्या यंत्रातून निर्माता ओरडला, "घारू, चौथा मजला! खिडकीत कुणीतरी हललं. जवळ घे!"

भिंगावर झाकण ठोकलं असतं तर विषय संपला असता. पण मेली सवय! घारूने कॅमेरा सावकाश, अजिबात धक्का न देता, इमारतीच्या बाजूच्या भिंतीकडे वळवला. तिथे काहीतरी हललं आणि त्याचा हात आपोआप थांबला. चित्र स्पष्ट झालं. भिंतीला शिडी होती आणि शिडीवर पाच पोलीस.

"वा रे पठ्ठ्या! धरून ठेव!" निर्माता कानात ओरडला.

घारू भानावर येईपर्यंत वरची खिडकी फुटली होती. पहिल्या गोळीने सगळ्यात वरच्या पोलिसाचा जबडा उडाला. तो खालच्यावर कोसळला. मग हातबॉम्ब पडला. पाचांतलं एकही शरीर अख्खं राहिलं नाही.

चौघे बंदूकधारी तिकडे गुंतलेले पाहून बाकीच्या पोलिसांनी पुढचं दार फोडलं आणि त्यांना तिथेच गोळ्या घातल्या. सातही जण जिवंत बाहेर आले. बहीण अनवाणी धावत येऊन घारूच्या गळ्यात पडली. त्याला आनंदाने भरून आलं, आणि त्या आनंदाचीच किळस आली.

"ते आमच्या दारापर्यंत आले होते, दादा," ती हुंदके देत म्हणाली. "तेवढ्यात एकजण खालून ओरडला, टीव्हीवर शिडी दिसतेय. सगळे तिकडे पळाले. त्या बिचाऱ्या पोलिसांना मारलं रे! कोण तो हलकट, ज्याने शिडी दाखवली?"

"मी," घारू म्हणाला.

तिचे हात त्याच्या गळ्यातून सुटले.