खोक्यातला न वाचलेला कागद

मी बोलतोय तो औषधाच्या खोक्यातला कागद. बाटलीला चिकटून बसलेला, घडी घातलेला, दोन्ही अंगांनी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांनी भरलेला. तुम्ही खोकं उघडता, बाटली घेता आणि मला फेकून देता. राग नाही बाबा. आमच्या सगळ्या जातभाईंचं हेच होतं. पण माझ्या नशिबात बानाबाई होती.

जन्म माझा छापखान्यातला. यंत्रानं माझ्या अशा घड्या घातल्या की माझंच अंग मला कधी पुरतं दिसलं नाही. अंगावर काय लिहिलंय ते मात्र पाठ होतं. हे इंजेक्शन जखमेतले जंतू मारतं, पण एखाद्याचे कानही मारतं. कानात घुं घुं सुरू झालं तर ताबडतोब थांबवा, नाहीतर ऐकू येणं कायमचं जाईल. एवढं ज्ञान अंगावर वागवत मी पिशोरच्या एका औषधाच्या दुकानात फळीवर गुमान पडून होतो.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. सोनाजी धनगराच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजून भोपळा झाला, ताप चढला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. सोनाजीची बायको बानाबाई पहिलं खोकं घेऊन आली. दुकानदारानं दिलेली पावती होती बोटभर, पिवळट. मी होतो हातभर, दोन्हीकडून छापलेला. बाईला अक्षरओळख नव्हती. तिनं हिशेब केला, एवढ्या महागाच्या औषधाची पावती एवढीशी कशी असंल? खरी पावती चुलीत गेली आणि मी पावती म्हणून तिच्या चंचीत, सुपारीच्या शेजारी जाऊन बसलो.

चंचीत राहून मला सोनाजी कळला. काय त्या माणसाचे कान होते! तापानं डोळे मिटून पडलेला असायचा आणि वाड्यात मेंढरू खोकलं की म्हणायचा, "पांढऱ्या नाकाडाची हाय ती. तिला पानी दावा." बाहेर जाऊन बघावं तर तीच. दीडशे मेंढरं, आणि प्रत्येकीचा आवाज त्याच्या डोक्यात वेगळा. माणसाच्या डोक्याला दोन बाजूंना दोन भोकं, त्यात एवढं मावतं? मी तर थक्कच झालो. माझ्या अंगावर कानाबद्दल इतकं लिहिलेलं होतं, पण कान म्हणजे काय ते मला तिथं कळलं.

पाचव्या दिवशी सोनाजी डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, कानात भुंगा शिरल्यावानी व्हतंय."

"अशक्तपणा आहे. जाईल," डॉक्टर म्हणाले आणि सुई भरली.

बानाबाई शेजारीच उभी होती आणि मी तिच्या कमरेला, डॉक्टरांच्या हातापासून वीतभर अंतरावर. जीव नुसता तळमळला. पुढचे दहा दिवस इंजेक्शनं चालूच राहिली. पाय खडखडीत बरा झाला, आणि कान गेले.

पण कानापेक्षा वाईट पुढंच होतं. मागल्या वर्षी खंडोबाला सोडलेला मेंढा सोनाजीनं अडचणीपायी बाजारात विकला होता. तो म्हणाला, "देवानं वसूल केलं." भावकीनं माना डोलावल्या. सोनाजीनं कळप पुतण्याच्या हवाली केला आणि भिंतीला टेकून बसला. जेवण अर्ध्यावर आलं. मेंढरांसमोर जायची त्याला लाज वाटायची.

बानाबाई मात्र ऐकणारी नव्हती. "खंडोबाला मेंढा पाहिजे असता तर त्यानं मेंढाच मागितला असता," ती भावकीला म्हणाली. "कान घिऊन देव काय करंल?"

तिनं नवऱ्याला औरंगाबादला, घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले आणि कोणतं इंजेक्शन घेतलं ते विचारलं. बानाबाईनं चंची सोडली. "पावती हाय की."

बाईंनी माझी एकेक घडी उलगडली. जन्माला आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला वाचत होतं. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"मावशी, ही पावती नाही. पण जपून ठेवा. कान इंजेक्शननं गेलेत. ते परत येणार नाहीत. कानात आवाज येतो म्हटल्यावर इंजेक्शन थांबवायला हवं होतं. ग्राहक मंचात तक्रार करा. दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील नसला तरी चालतं."

बानाबाईनं हातवारे करून नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. "माझं मन राखायला सांगतीस तू. सुई देनारा डॉक्टर सवता म्हनंल तवा मानीन."

तेव्हापासून तिला तेवढंच हवं होतं. ग्राहकांचं काम करणाऱ्या आप्पासाहेबांनी तिचा अर्ज लिहून दिला. पिशोरहून औरंगाबादच्या किती फेऱ्या झाल्या ते एस.टी.च्या कंडक्टरला विचारा. तारीख पडायची, पुढं जायची, ही भाकरी बांधून पुन्हा हजर. अक्षर न येणारी ती बाई अक्षरांच्या जंगलात सरळ चालत राहिली. मी तिच्याकडं बघतच राहायचो.

शेवटी सुनावणी झाली. डॉक्टरांच्या वकिलानं मलाच उचललं. "सगळे धोके या कागदावर छापलेले आहेत. कागद औषधासोबत दिला होता. म्हणजे सूचना दिलीच होती." जिच्या चंचीत वाढलो, तिच्याच विरुद्ध मी साक्षीदार झालो होतो.

बानाबाई उठली. वकिलाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "डॉक्टरसाहेब, मला वाचता येत नाय. तुमाला येतं. तुमी वाचला व्हता का हा कागद?"

वकिलानं डॉक्टरांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला.

"नाही," ते म्हणाले. "वाचला नव्हता."

मंचानं निकालात लिहिलं, औषधाचा दुष्परिणाम होणं हा डॉक्टरांचा दोष नाही, पण रोग्यानं सांगूनही तिकडं लक्ष न देणं हा आहे. भरपाईही द्यायला लावली. मी आता त्या खटल्याच्या फाईलीत आहे, पाठीवर शिक्का आणि कडेला दोन भोकं घेऊन. तुम्हाला एवढंच सांगतो, मला टाकण्याआधी कुणाला तरी विचारा, यात काय लिहिलंय. औषध मानवत नसेल तर डॉक्टरांना दुसऱ्यांदा सांगा, तिसऱ्यांदा सांगा.

सुनावणीच्या दिवशी सोनाजीला मात्र यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तो बाकावर बसून एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. डॉक्टर चालत त्याच्यासमोर गेले आणि भरल्या मंचात त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

सोनाजीनं त्यांच्याकडं बघितलं, मग बायकोकडं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळं तो सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलला.

"म्हंजी खंडोबा माझ्यावर रागावला नव्हता व्हय?"