चौथ्या चाकाची ट्यूब

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं ट्यूब आणायला गेलो होतो. म्हातारीची चारही चाकं उघडी पडली होती. म्हातारी म्हणजे बाबांची जुनी मोटार, माझ्या आजोबांच्याही वयाची. तिचे टायर उंच आणि अरुंद, त्यांत बसेल अशी ट्यूब आता शोधावी लागते.

“काय रे फुगेवाल्या, आज कुठला कचरा विकतोयस?” बाबा दारातूनच म्हणाले.

“तुमच्यासाठी खास वेगळा काढून ठेवलाय, काका,” ट्यूबवाला म्हणाला.

बाबांनी एकेक ट्यूब उजेडात नेली. जोडावर अंगठा दाबून ती ताणली. वॉल्व्हची पितळी नळी रबराला धरते ती जागा कानाशी नेऊन वाकवली. चिकटवण कच्ची असली की तिथे बारीक करकर होते म्हणे. एक जरा मोठी निघाली. “मोठी घेतली तर आत घडी पडते आणि घडी झिजते,” ते मला म्हणाले. “लहान घेतली तर ताणून पातळ होते. दोन्हीकडून मरण.”

“सून बघताय का ट्यूब, काका?”

“सुनेशी भांडता तरी येतं. ही उतारावर दगा देते.”

तिघंही हसलो. रबरावरून फिरणाऱ्या त्या बोटांइतकी हळुवार बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत.

संध्याकाळी टायर चढवताना दादाने टायर उचकटायची लोखंडी पट्टी जरा जास्त आत घातली आणि ट्यूब चिमटली. नुसता ओरखडा आला होता. बाबांनी हातातला पाना त्याच्या डोक्याच्या दिशेने फेकला. दादा वाकला, पाना भिंतीवर आदळला, गिलावा पडला. दादा चौतीस वर्षांचा आहे. त्याने पाना उचलून परत बाबांच्या हातात दिला.

“तापट आहेत, ठाऊक आहे ना तुला?” आई आत त्याला म्हणाली. “समोर कशाला उभा राहतोस?”

आमच्या घरात बाबांच्या असल्या वागण्याला ‘तापट’ एवढा एकच शब्द होता. दादाच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे, ते लहानपणी मोटारीच्या दारात सापडलं असं आम्ही सांगतो. माझ्या कानामागची खूण जिन्यावरून पडल्याची. आईचं काही सांगावंच लागत नाही, कारण तिला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन चाकं झाली. चौथ्याला मी मदतीला होते. बाबांनी टायरच्या आतून हात फिरवला, चिकटलेला कागद नखाने खरवडून काढला, पांढरी पावडर शिंपडली. ट्यूब आत बसली, टायर चाकावर चढला, आणि टायरला कडेने धरून ठेवणारी लोखंडी रिंग खाचेत बसवली. मी कॉम्प्रेसर सुरू केला. हवा भरू लागली तशी रिंग एका बाजूने वर राहिलेली दिसली. बोटभरसुद्धा नाही.

“हवा सोडू का, बाबा? रिंग नीट बसली नाही.”

“तू शिकव मला आता.”

“तुम्हीच म्हणता ना, हवा असताना चाकाला हात—”

“थोबाड बंद!”

ते माझ्याकडे वळले. हातोडा त्यांच्या हातातच होता. मी सवयीने दोन पावलं मागे गेले, भिंतीला टेकले. हातोडा वर गेला आणि रिंगवर पडला. एकदा. पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा जोरात, माझ्याकडे बघत.

आवाज मला ऐकू आला नाही. कानात नुसती शीळ उरली. रिंग त्यांच्या हनुवटीखालून वर घुसली आणि छपराचा पत्रा फाडून गेली. बाबा बसल्यासारखे मागे गेले. जबडा जागेवर नव्हता. हातोडा मुठीत तसाच होता. सगळीकडे पांढरी पावडर उडाली होती. ती हळूहळू खाली आली, त्यांच्या शर्टावर, फरशीवरच्या रक्तावर, आणि भिजून गुलाबी झाली. मी भिंतीपासून हलले नाही. हात त्यांचा, हातोडा त्यांचा, आणि मला अजून वाटत होतं, ते उठतील.

सगळ्यांना मी एवढंच सांगितलं की रिंग उडाली. दादाने कोपऱ्यातून फाटकी ट्यूब उचलली, बघत राहिला. “नासका माल,” तो म्हणाला. आठवडाभर तो तेवढंच म्हणत होता. मग एका दुपारी टायर काढायची पट्टी भिंतीवरून गायब दिसली आणि मी धावत दुकान गाठलं.

ट्यूबवाला गल्ल्यावर पालथा होता. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं. दादाने एका गुडघ्याने त्याची पाठ दाबली होती आणि त्याचा पंजा लाकडावर पसरून धरला होता.

“दादा, काकांनी स्वतः निवडली हो!” ट्यूबवाला ओरडत होता. “ताणून, कान लावून—”

“बाबांची निवड चुकत नाही! तूच बदललीस! याच हाताने दिलीस ना?” पट्टी खाली आली. बोटांचा आवाज मला ऐकू आला. माणूस किंचाळला. दादाने पट्टी पुन्हा उचलली, आणि त्याची नजर आता मानेवर होती.

“दादा, ट्यूब चांगली होती.”

“तू घरी जा.”

“रिंग सुटली म्हणून ट्यूब फाटली. बाबांनी भरल्या चाकावर हातोडा मारला. मी हवा सोडू का म्हटलं, त्याचा राग.”

“मेलेल्या माणसावर ढकलतेस? बापावर?”

मी गल्ल्याजवळ गेले आणि पट्टी धरलेल्या हाताला हात लावला. तो हात बाबांचा होता, तशाच शिरा. तो आता माझ्यावर येणार हे मला दिसत होतं. या वेळी मी मागे सरले नाही.

“तुझं बोट दारात सापडलं नव्हतं,” मी म्हणाले. “मी तिथे होते. त्यांनी तुझा पंजा असाच पसरून धरला होता. मी जिन्यावरून पडले नाही. आई कशावरूनच पडली नाही. तापट नव्हते ते, दादा. बाबा आपल्याला मारायचे.”