पेशंटची खुर्ची

प्रवासाआधीच्या लसी आणि प्रवासानंतरचे ताप, एवढ्यात सिस्टरचं अख्खं आयुष्य गेलं होतं. आणि ती हे काम नुसतं करत नव्हती, शिकवतही होती. लसीकरण केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. भिंतीवर जगाचा नकाशा, कोपऱ्यात घरघरणारा लसींचा फ्रीज, टेबलावर रबराचे दोन दंड. शिकाऊ मंडळींनी सुया टोचून टोचून त्यांची पार चाळण करून टाकली होती. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतले डॉक्टर आणि नर्स तिच्याकडे शिकायला यायचे. बाहेरगावी जाणाऱ्याला काय द्यायचं आणि परत आलेल्याला काय विचारायचं, हे सगळं ती शिकवायची.

जेवणानंतर वर्ग पेंगायला लागला की सिस्टर एक खुर्ची पुढे ओढायची. ही पेशंटची खुर्ची. तिच्यात ती स्वतः बसायची आणि तापाने फणफणलेला माणूस व्हायची. समोर बसलेल्याने प्रश्न विचारून ताप कसला ते हुडकून काढायचं. ऐकायला सोपं वाटतं, नाही? पण हा पेशंट भलता बेरकी. विचारलं तेवढंच सांगायचा आणि वर विचारणाऱ्याची टर उडवायचा.

"परदेशात वगैरे जाऊन आलात का?"

"मी? अहो, माझं तोंड बघा! परदेशात जाणाऱ्याचं आहे का हे?"

"बरं, अलीकडे कुठे प्रवास?"

"आमचा प्रवास म्हणजे घर ते दुकान आणि दुकान ते घर. मध्ये चहा."

खोली खो-खो हसायची. समोरचा डॉक्टर गोंधळून जायचा आणि पॅरासिटामॉल लिहून मोकळा व्हायचा. मग सिस्टर उठायची आणि एकदम आपल्या आवाजात म्हणायची, "तुमचा पेशंट मेला."

हसणं जागच्या जागी विरायचं.

"हा माणूस महिन्यापूर्वी आपल्या मूळ घरी जाऊन आला. काका आजारी होते, त्यांना भेटायला. तिथे मलेरिया आहे. पण घरी जाण्याला कुणी प्रवास म्हणतं का? प्रवासाला जाणारे आपल्याकडे येतात, गोळ्या नेतात. घरी जाणारा कशाला येईल? तिथल्या डासांत लहानाचा मोठा झालेला तो! पण अंगातली मलेरियाशी झुंजायची ताकद इतकी वर्षं बाहेर राहून ओसरलेली असते, हे त्याला कुठे माहीत? म्हणून 'प्रवास केलात का' असं विचारू नका. 'घरी जाऊन आलात का' असं विचारा."

आणि कुणी बरोबर विचारलंच, तर सिस्टर हसून म्हणायची, "वाचला!"

आता त्या पेशंटचं खरं गुपित सांगायचं तर तो आवाज, ते खांदे उडवणं, ती चहाची गोष्ट, सगळं तिच्या दादाचं होतं. आईवडील लवकर गेले. तेव्हा या थोरल्या भावाने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, इतक्या लांबच्या या शहरात आणलं, कुलुपं-किल्ल्यांचं दुकान चालवून नर्स केलं. एकदा तो मुद्दाम वर्गात मागच्या बाकावर येऊन बसला होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "माझी नक्कल करून पगार खातेस होय गं छोटी?" साऱ्या जगात तिला छोटी म्हणणारा तो एकटाच उरला होता.

तर त्या वर्षी मूळ घरी त्यांची आत्या अंथरुणाला खिळली आणि दादा तिला भेटायला निघाला. आदल्या दिवशी सिस्टर कामावरून थेट त्याच्याकडे गेली. दुपारीच तिने लग्न होऊन फिरायला निघालेल्या एका जोडप्याला मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या, कशा घ्यायच्या ते त्यांच्याकडून दोनदा घोकून घेतलं होतं, मच्छरदाणीशिवाय झोपलात तर याद राखा म्हणून दमही भरला होता. आणि दादाकडे जाऊन तिने काय केलं? आत्यासाठी शाल दिली, गुडघ्याला लावायचं तेल दिलं, फोटो दिले. मफलर घेतलास का, असं दादाला तीनतीनदा विचारलं. गोळ्यांचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. निघणार कसं? दादा प्रवासाला थोडाच चालला होता, तो घरी चालला होता.

दादा ठणठणीत परत आला. आईची जुनी कात्री सापडली म्हणून तिच्यासाठी घेऊन आला. नंतर काही दिवसांनी, सिस्टरचा नवा वर्ग सुरू असताना, चहाच्या सुट्टीत वहिनीचा फोन आला.

"तुझा भाऊ तापलाय गं. कण्हतोय नुसता."

"वहिनी, सगळं शहरच तापलंय. फ्लूची साथ आहे. माझ्या वर्गातलेच निम्मे शिंकतायत. गोळी दे, पाणी पाज. संध्याकाळी येते मी."

संध्याकाळी ती गेलीही. दादा घामाने भिजला होता, पण ताप उतरला होता. "मास्तरीणबाई आल्या, ताप घाबरून पळाला बघ," असं वर म्हणाला. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. पण तो हात बहिणीचा होता, नर्सचा नव्हता. दुकान दोन दिवस बंद ठेव म्हणून त्याला रागावली, वहिनीच्या हातचा चहा प्यायली आणि निश्चिंत होऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिने नेहमीप्रमाणे खुर्ची ओढली. समोर एक बुजरी नर्स येऊन बसली. आतापर्यंत वर्गात तोंडातून चकार शब्द न काढणारी. तिने परदेशाचं विचारलं नाही, प्रवासाचंही विचारलं नाही.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको आहे. बोलायचं काम तिचं, ऐकायचं माझं." वर्ग हसला.

"आणि तिकडे? मूळच्या घरी कोण असतं?"

"आत्या असते."

"तिला कधी भेटलात शेवटचं?"

"आत्ताच तर जाऊन आलो. अंथरुणाला खिळलीये बिचारी."

बोलून गेल्यावर सिस्टरच्या लक्षात आलं. या खेळात काका असायचे. आत्या कधीच नव्हती. तोंड उघडं राहिलं, ती खुर्चीतून अर्धवट उठली. वर्गाला वाटलं, काय हुबेहूब केलंय! त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतच ती दाराकडे धावली.

जिन्यातून तिने फोन लावला. "वहिनी, दादाला उठव."

"अगं, शांत झोपलाय सकाळपासून. आता जरा आराम पडलाय त्याला. हाक मारली तर भलतंच काहीतरी बरळतो, म्हणून मीच उठवलं नाही."

सिस्टरने अँब्युलन्स पाठवली आणि स्वतः रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. ती आत शिरली तेव्हा दादाला नुकतंच स्ट्रेचरवरून उतरवत होते. तरुण डॉक्टर वहिनीला विचारत होता, "हल्ली कुठे प्रवास झाला होता का?"

"नाही हो, हे कुठे जातायत," वहिनी म्हणाली.

"गेला होता!" सिस्टर इतक्या मोठ्याने ओरडली की सगळे वळून बघायला लागले. "घरी गेला होता तो. रक्त तपासा, मलेरियासाठी तपासा, आत्ताच्या आत्ता!"

बोटातून रक्ताचा थेंब घेतला. पट्टीवर रेघ उमटायला वेळ लागला नाही. शिरेतून औषध सुरू झालं, पण मलेरिया मेंदूपर्यंत पोचला होता. सिस्टर त्याच्या उशाशी बसून राहिली. मधूनच तो डोळे अर्धवट उघडायचा, बोटं फिरवायचा आणि पुटपुटायचा, "लागत नाहीये... ही किल्ली लागत नाहीये." ती म्हणायची, "दुसरी बघू या आपण, दादा." तो तिला ओळखत नव्हता. दोन दिवसांनी, सकाळी, तो गेला.

काही दिवस गेले. वहिनीने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट तिलाच जवळ घेऊन रडली आणि म्हणाली, "मीच मेली आळशी. पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं मी. पण तुला विचारलं होतं ना, म्हणून निर्धास्त राहिले." वहिनीच्या मनात काहीच नव्हतं, अगदी मनापासून म्हणाली ती. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर सिस्टरला सोसवल्या असत्या.

पुढचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे देऊ, असं केंद्राचे मोठे डॉक्टर म्हणाले. सिस्टर नको म्हणाली. जेवणानंतर तिने खुर्ची ओढली आणि बसली. समोर एक चष्मेवाला डॉक्टर आला. त्याने हे असं विचारलं, ते तसं विचारलं. दादाचा आवाज तिच्या तोंडून तसाच निघत होता, खांदेही तसेच उडत होते. तिला वाटलं, आता हा चुकणार, आणि मग ते वाक्य मला म्हणावं लागणार. ते वाक्य आता तिच्या जिभेवर येणार नव्हतं.

"एक सांगा," डॉक्टर म्हणाला, "एवढ्यात घरी जाऊन आलात का? मूळच्या घरी?"

"वाचला," सिस्टर म्हणाली. मग म्हणाली, "आता तुम्ही विचारा." शेजारची नर्स येऊन बसली, तिने विचारलं. वाचला. मग तिच्यामागचा, मग त्याच्यामागची. उत्तर सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आता हे कशासाठी चाललंय ते कुणाला कळेना, पण सिस्टरचा चेहरा बघून जो तो पुढे येऊन बसत गेला. सगळ्यांनी एकेक करून विचारलं आणि दादा प्रत्येक वेळी वाचला.

वर्ग सुटला. पावलं जिन्याने खाली गेली. फ्रीज तेवढा घरघरत राहिला. सिस्टर उठली, पेशंटची खुर्ची नीट सरळ केली आणि विचारणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसली.

"दादा," समोरच्या रिकाम्या खुर्चीला तिने विचारलं, "घरी जाऊन आलास ना रे?"