हाताची सवय

मिस्त्री सकाळपासून डॅशबोर्डखाली उताणा पडून होता. शेवटच्या वायरला टेप गुंडाळून तो बाहेर आला तेव्हा दुपार कलली होती आणि त्याच्या पाठीचा पार भुगा झाला होता. गाडीवाले काका बाकावर बसले होते. शेजारी काकू, डोळे मिटून.

काकूंना दिवसाआड इस्पितळात न्यावं लागे. उन्हात तापलेल्या गाडीत पाय ठेवला की त्यांना उलटी होई. जिना एकट्याने उतरता येत नसे, आणि आधी गाडी थंड करायला, मग काकूंना आणायला अशा दुसऱ्या मजल्याच्या दोन खेपांना काकांचे गुडघे तयार नसत. म्हणून रिमोट स्टार्टर. घरातून बटण दाबायचं, खाली एसी लागून गाडी थंड होऊन तयार.

पण गाडी हाताच्या गिअरची. चालू करताना क्लच दाबावा लागतो, आणि रिमोटला पाय नसतात. म्हणून मिस्त्रीने क्लचची अट वायरीतूनच काढून टाकली होती. आता गाडी गिअरमध्ये उभी असेल तर बटण दाबताच ती पुढे उडी घेणार.

"काका, न्यूट्रल आणि हँडब्रेक. विसरायचं नाही."

"चार वेळा सांगितलंत. बत्तीस वर्षं बस चालवलीय मी."

मिस्त्रीला धास्ती त्याचीच होती. रिमोट हातात देण्याआधी तो प्रत्येकाला एक फेरी मारायला लावी. "काकूंना घेऊन चौकापर्यंत जाऊन या. लावा इथेच."

दोघं परतले. काकू उतरून बॉनेटपुढे भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या. मिस्त्रीने खिडकीतून हात घालून गिअरची दांडी हलवून पाहिली. पहिल्यात होती.

काका ओशाळले. "डेपोत उतार होता. गिअरमध्ये टाकल्याशिवाय बसमधून उतरायची सोय नव्हती. थांबा, पुन्हा मारतो."

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला, मोठ्याने तसं सांगितलंही. मग दार उघडता उघडता डावा हात आपसूक दांडीवर गेला आणि तिला पुढे सारून आला. काकू पुन्हा सावलीतच, गाडीच्या तोंडाशी.

"चष्मा डोक्यावर ठेवून घर पालथं घालणारा माणूस हा," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, तुम्ही कुणाला शिकवताय?"

"माझ्या राहील लक्षात," काका म्हणाले.

"तुमच्या राहील. हाताच्या नाही राहणार." मिस्त्रीने भिंत आणि बॉनेट यांमधलं अंतर पाहिलं. तिथे काकू मावत होत्या, एवढंच. "स्टार्टर काढतो मी."

"अहो, सकाळपासून खपलात."

"हो."

"आणि हिचं काय? दोन मजले, दोन-दोनदा?"

"बत्तीस वर्षं बसूनच होतात," काकू म्हणाल्या. "आता चढा थोडं. आधी जाऊन गाडी थंड करा, मग मला न्यायला या."

काकांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग मान हलवली. मिस्त्रीने पक्कड उचलली, सीट मागे सरकवली आणि पुन्हा डॅशबोर्डखाली उताणा झाला.