हंगामी फौजी

पुंडलिकराव हवालदारांसमोर कुणी फौजेचं नाव काढलं, की ते आधी त्या माणसाला तपासून घ्यायचे. पलटण कोणती, वर्षं किती काढली, कोणत्या हुद्द्यावर रिटायर झाला. उत्तरं पसंत पडली तर चहा. नाही पडली तर हवालदार तोंड फिरवून म्हशीशी बोलायला लागत. चोवीस वर्षं तोफखान्यात काढलेला माणूस. सेलू तालुक्यातल्या त्या गावात एवढी नोकरी दुसऱ्या कुणाची झाली नव्हती, आणि गावानं ही गोष्ट एक दिवसही विसरू नये याची काळजी ते स्वतः घेत.

मिरवणुकीची पद्धतही त्यांनीच पाडलेली. ते रिटायर होऊन आले तेव्हा गावातल्या ओमप्रकाशच्या बापाची उघडी जीप झेंडूनं सजवली, फाट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत वाजतगाजत नेली, दारोदार बायांनी ओवाळलं. तेव्हापासून गावचा फौजी नोकरी संपवून आला की त्याला जीपवर चढवायचं, आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी पुंडलिकरावांनी छातीवर मेडलं लावून बसायचं, हे ठरूनच गेलं. अशा तीन-चार मिरवणुका झाल्या. खरं सांगायचं तर लोकांना फौजेपेक्षा डीजेत जास्त रस होता. पण हे हवालदारांना सांगायला कोण जातंय!

मग मुकेश आला, आणि सगळं बिनसलं.

मुकेश टेरिटोरियल आर्मीतला. म्हणजे कसं, एरवी कापसाच्या हंगामात सेलूच्या जिनिंगमध्ये मशीनवर, उरलेले दिवस घरच्या वावरात. वर्षातून दोन महिने ट्रेनिंग. आणि सरकारनं बोलावलं की वर्दी चढवून चालू लागायचं, परत पाठवतील तेव्हा परत यायचं. त्या खेपेला बोलावणं आलं आणि त्याला दोन वर्षं काश्मिरात सीमेजवळ ठेवून घेतलं. मध्ये तिकडे गोळे पडत होते तेव्हा त्याची बायको जया टीव्हीसमोरून उठली नव्हती. नवरा हातीपायी धड परत येतोय म्हटल्यावर तिनंच ओमप्रकाशला जीप सांगितली, झेंडू आणला, डीजे ठरवला. हवालदारांना विचारावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि तिथंच माशी शिंकली.

जीप देवळाजवळ आली तेव्हा हवालदार रस्त्याच्या मधोमध उभे. पुढं पोट्टे नाचत होते, त्यांत हवालदारांचा एकुलता एक अंकितही होता. अंकित अग्निवीर होऊन फौजेत गेलेला, तेव्हा सुट्टीवर आला होता. मुकेशच्या गळ्यातला सगळ्यात जाड हार त्यानंच घातलेला. हवालदारांनी हात वर केला तसा डीजे थांबला.

"खाली उतर," हवालदार म्हणाले.

मुकेशला वाटलं, म्हाताऱ्याला गळाभेट घ्यायची असेल. तो हसत वाकला. "काऊन, काका?"

"हे गाडी फौजीची आहे. तू हंगामी. जिनिंगमध्ये हंगामी तसाच फौजेत हंगामी. पेन्शन आहे का तुले?"

"नाई."

"पेन्शन नाई तो फौजी नाई. उतर."

अख्खं गाव उभं होतं. सरपंच मोबाइलात बघत राहिला. मुकेशनं गळ्यातले हार काढून जीपच्या बॉनेटवर ठेवले, मागची काळी पेटी खांद्यावर घेतली आणि चालू लागला. पेटी जड होती, त्याला मध्येच खांदा बदलावा लागला. जया तेवढी मागं थांबली. तिच्या हातातलं ओवाळायचं ताट तसंच होतं.

"मामाजी," ती म्हणाली, "तिकडून गोळा येते तेवा विचारून येते का, हा पर्मनंट हाये का हंगामी? आज तुमी यायले उतरवलं. मी हे विसरन नाई."

हवालदारांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओमप्रकाशला म्हणाले, गाडी घरी ने.

तेव्हापासून दोन्ही घरांत विस्तव जाईना. पोट्टे मुकेशला हंगामी म्हणायला लागले, आणि हे नाव मीच पाडलं असं हवालदार पानठेल्यावर छाती काढून सांगायचे. नळावर हवालदारांची बायको कमलाबाई आली, की जया अर्धा भरलेला पाण्याचा गुंड उचलून निघून जाई. संक्रांतीला तिनं सगळ्या गल्लीला हळदीकुंकवाला बोलावलं, एक कमलाबाई सोडून. कमलाबाई घरी येऊन नवऱ्यावर चरफडायच्या, तुमच्या पायी मले तोंड दाखवाले जागा नाई राहिली म्हणायच्या. अंकित तर मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी, सुट्टी शिल्लक असताना, ड्यूटीवर निघून गेला होता. जाताना बापाच्या पाया पडला, बोलला काही नाही. पोरगं शिस्तीचं आहे, असा हवालदारांनी त्याचा अर्थ लावला.

आता हवालदारांचा राग अगदीच खोटा होता असंही नाही, तेही सांगितलं पाहिजे. त्यांचा बाप मेला तेव्हा ते सिक्कीमच्या बर्फात होते. अंकित जन्मला तेव्हा राजस्थानच्या वाळूत. बाराही महिने अंगावर वर्दी आणि डोक्यावर दुसऱ्याचा हुकूम, अशी चोवीस वर्षं त्यांनी काढली. आणि अधूनमधून जाऊन येणाऱ्यानं त्याच जीपवर त्याच थाटात बसायचं? मग आपण काढलं ते काय होतं? हा प्रश्न त्यांना आतून कुरतडत होता. फक्त मुकेश ती दोन वर्षं नेमका कुठं होता आणि त्यानं तिथं काय पाहिलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

पुढं दीडेक वर्षानं अंकितचा फोन आला. त्याची चार वर्षं संपत आली होती. अग्निवीरांतल्या चारातल्या एकालाच पुढं ठेवून घेतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि तो एक म्हणजे आपला अंकित, असं हवालदारांनी इतक्यांदा सांगितलं होतं की पानठेलेवालाही तसंच धरून चालला होता.

"बाबा," अंकित म्हणाला, "माहं नाव नाई आलं."

हवालदारांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. धावण्यात मागं पडला असशील, साहेबासमोर मान वर करून बोलला असशील, आपल्या घराण्यात असलं कुणी नव्हतं. अंकितनं सगळं ऐकून घेतलं, येण्याचा दिवस सांगितला आणि फोन ठेवला. कमलाबाई दारात उभ्या होत्या. पोरगा जेवला का एवढंही विचारलं नाई तुमी, असं म्हणून त्या जे आत गेल्या ते त्यांनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

हवालदारांची झोप उडाली. पोरगा एकटा, पेटी घेऊन, मान खाली घालून गावात शिरतोय आणि पानठेल्यावर लोक हसतायत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. छे, असं होऊ द्यायचं नाही. पोराला जीपवरूनच आणायचं. एकदा का तो देवळापर्यंत वाजतगाजत आला, की कुणाची बोट दाखवायची हिंमत होणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओमप्रकाशच्या दारात हजर.

ओमप्रकाशनं तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि फार गरिबीनं विचारलं, "अन् हवालदार, पेन्शनचं कसं?"

मग काय, हवालदार भडकलेच. अग्निवीर म्हणजे खरी फौज, सलग चार वर्षं वर्दी, एक हंगाम जिनिंगमध्ये अन् एक हंगाम बंदुकीवर असला प्रकार नव्हे, पुन्हा त्या मुकेशशी बरोबरी केलीस तर याद राख, असं त्यांनी भर रस्त्यात सुनावलं. ओमप्रकाश म्हणाला, आपल्याले काय करायचं हवालदार, गाडी रिकामी आहे, घेऊन जा. गावही तयार झालं. डीजे वाजणार म्हटल्यावर गाव कशालाही तयार होतं.

राहिली एक जया. मुकेशला परत बोलावणं आलं होतं, तो गावात नव्हता. जयाला ओवाळायला बोलावून ये म्हणजे तिचं तोंड बंद होईल, असं हवालदारांनी कमलाबाईंना सांगून पाहिलं. उतरवलं तुमी, बोलवाले बी तुमीच जा, एवढंच बोलून कमलाबाई परत चुलीकडे वळल्या.

तेव्हा गेले बिचारे. जया अंगणात तूर पाखडत होती. तिनं बसा म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. हवालदारांनी उभ्या उभ्याच सांगितलं, परवा अंकित येतोय, ओवाळायला ये, झालं गेलं सोडून दे.

जयानं सूप खाली ठेवलं. "येईन ना, मामाजी. ताट घेऊनच येईन. देवळाजवळ उभी राहीन, तुमी उभे होते तिथंच. अंकितभाऊजीनं माहं काई वाईट केलं नाई, मी ओवाळीन त्यायले. पण ओवाळाच्या पयले गाडी थांबवून एकच विचारीन. तुमी यायले विचारलं होतं, तेच."

हवालदारांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाईमाणूस म्हणून ऐकून घेतो, तुझ्या बापाची जहागीर आहे का रस्ता, असं काहीबाही ते बोलत सुटले. आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, की नवरा तिकडे सीमेवर वर्दीत उभा, आणि तू इकडे फौजीची गाडी अडवतेस, लाज नाही वाटत?

जयानं सूप पुन्हा उचललं. "आता वर्दीत हायेत का ते?" ती म्हणाली. "मले वाटलं, हंगामी हायेत."

 हवालदार चपला फटकारत घरी आले.

तो दिवस उजाडला. हवालदारांनी कोटाला मेडलं लावली, डोक्यावर टोपी चढवली आणि फाट्यावर जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. गाव जमलं होतं, पोट्टे तयारीत होते. हवालदारांचा जीव मात्र देवळापाशी अडकला होता. जया खरंच उभी असेल का, तिला कुणी बाजूला घेईल का, डीजेचा आवाज इतका वाढवला की तिचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही तर? एवढ्यात वर्ध्याची बस आली आणि अंकित काळी पेटी घेऊन उतरला. वाळला होता पोरगा. कमलाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. कुणीतरी गळ्यात हार घातला. डीजे सुरू झाला.

अंकितनं हात वर केला. अगदी बापासारखाच. डीजे थांबला.

"चढ ना बे वर, बघतोस काय," हवालदार जीपमधूनच म्हणाले.

"मले पेन्शन नाई, बाबा."

"ते वेगळं."

"काऊन वेगळं? मी तिथंच होतो त्या दिवशी. मुकेशदादाच्या गळ्यात हार मीच घातलता." अंकितचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "तुमच्यासमोर तोंड उघडाची हिंमत झाली नाई मले, म्हणून पळून गेलतो. पयले मुकेशदादाले बसवा ह्या गाडीत. मंग मले सांगजा."

त्यानं हार काढून बॉनेटवर ठेवला, पेटी खांद्यावर घेतली आणि गावाकडे चालू लागला. कमलाबाई त्याच्या मागं. नाचायला आलेले पोट्टे एकमेकांच्या तोंडाकडे बघत त्याच्यामागं निघाले. मागं चल, मागं चल, हवालदार ओमप्रकाशला म्हणाले, दमला की बसेल. जीप त्या मुक्या घोळक्यामागून सरकत निघाली. पोरगा दमेना. त्यानं एकदा खांदा बदलला, तेव्हा हवालदारांनी ओमप्रकाशला हळूच सांगितलं, गाडी जरा जवळ घे. पोरानं वळूनही पाहिलं नाही.

देवळाजवळ जया ताट घेऊन उभी होती, म्हटल्याप्रमाणे, रस्त्याच्या मधोमध. जीपऐवजी पेटी घेतलेला अंकित समोर आला तशी ती गोंधळली. जे विचारायचं म्हणून दीड वर्षं ओठांवर धरून ठेवलं होतं, ते तिच्या तोंडून निघेना. तिनं भलतंच विचारलं. "भाऊजी, पेटी खांद्यावर काऊन? गाडी हाये ना मागं."

"गाडी फौजीची हाये, वहिनी," अंकित म्हणाला. "मी हंगामी."

जयाचे डोळे भरून आले. तिनं ताटातला दिवा सावरला, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. मग म्हणाली, तुमच्या दादाचा फोन येते रात्री, घरी येजा, बोला त्यायच्याशी. अंकितनं मान हलवली आणि पेटी खाली ठेवून तिच्या पाया पडला.

जीप मागं येऊन थांबली होती. मागची सजवलेली जागा रिकामी, आणि पुढं मेडलं लावून एकटे हवालदार. गाव वळून त्यांच्याचकडे बघत होतं. ओमप्रकाशनं इंजिन बंद केलं. तो टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच गाडी घरी न्यायची होती.

"हवालदार," त्यानं विचारलं, "उतरता का खाली?"

हवालदार उतरले. पुढं अंकितनं पेटी उचलायला हात घातला होता. तिचं दुसरं कडं धरावं म्हणून हवालदार लगबगीनं गेले, पण ते कमलाबाईंनी आधीच धरलं होतं.