चौकटीबाहेरचे हात

चित्रपटाची नायिका बहिरी होती. ते काम करणाऱ्या नटीला ऐकू येत असे, म्हणून तिला खुणांची भाषा शिकवायला संकलक बाईंनी आपल्या धाकट्या बहिणीला नेलं. धाकटी जन्मापासून बहिरी. तिने त्या नटीकडून चांगलं घोटून घेतलं.

"आधी तिचे हात तोतरे होते," ती घरी हातांनी सांगायची, "आता भांडण्याइतके तयार झालेत." 'ताई' म्हणताना ती हनुवटीला बोट टेकवायची, ताईला तिथे खळी होती. हे नाव तिनेच लहानपणी ठेवलेलं.

नायिका बापाशी भांडते, तो प्रसंग जोडताना दिग्दर्शक ताईच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"चेहऱ्यावर जा. डोळे बघ ना तिचे."

"हात चौकटीबाहेर जातात, सर."

"बाप बोलून दाखवतोय की सगळं. प्रेक्षकाला कळल्याशी कारण."

ताईने हातांचं दृश्य काढून चेहरा लावला. खरं तर तिलाही तो चेहरा आवडला होता. पाणी डोळ्यांच्या काठाशी येऊन थांबलेलं. एकदा तसं केल्यावर पुढचे प्रसंगही त्याच वळणावर गेले.

पहिल्या खेळाला धाकटीने आपली सगळी मित्रमंडळी आणली. दरवान चक्रावला. एवढी मोठी रांग, आणि आवाज नाही, नुसते हात. धाकटी ज्याला त्याला ताई दाखवून हनुवटीला बोट लावत होती.

भांडणाच्या प्रसंगाला ऐकू येणारे प्रेक्षक रडले. धाकटीच्या रांगेत माणसं एकमेकांकडे वळून विचारू लागली, काय म्हणाली ती? मध्यंतरात एका म्हाताऱ्याने धाकटीला खुणेने म्हटलं, "पोरी, भांडण आपल्या भाषेतलं, आणि कळलं मात्र दुसऱ्यांना." नंतर ती रांग रिकामीच राहिली.

दुसऱ्या आठवड्यात बाकीच्या रांगाही ओस पडल्या. एकदा रडून गेलेले पुन्हा आले नाहीत. जी पुन्हा पुन्हा आली असती, ज्यांनी चारचौघांना ओढून आणलं असतं, ती माणसं पहिल्याच दिवशी उठून गेली होती.

"एवढा जीव ओतला. चुकलं कुठे गं?" दिग्दर्शकाने फोनवर विचारलं. ताईला सांगता आलं असतं. पण निम्मी चूक तिची होती.

तिने तो प्रसंग दुरून घेतलेल्या दृश्यांनी पुन्हा जोडला. आता हात पुरते दिसत होते. "बाबा, माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्याकडे बघतच नाही," नायिका म्हणत होती. बापाने बोलून दाखवलेल्यात हे कुठेच नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने ते लॅपटॉपवर लावून धाकटीपुढे ठेवलं. धाकटीने ओट्याला टेकून शेवटपर्यंत पाहिलं. मग फोन काढला. घरात ताईशी बोलायला तिला फोन कधी लागला नव्हता. तिने लिहिलं, "चांगलं झालंय. आता कोण बघणार?"

ताईने उत्तर द्यायला हात उचलले. धाकटीने त्या हातांकडे न बघता तिच्यापुढे फोन सरकवला.